दूध बघ

डॉक्टर फुर्टाडोंनी विचारलं, लहानपणी फार हुंदडायचात का?
मी म्हटलं, छे, मी शांत होते.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
आतून?

सत्तेचाळीस वर्षांत
हा एवढासा शब्द मला कुणी विचारला नव्हता.

हुंदडायचा तो सुहृद.
चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून चालला,
वर्गातला पंखा पट्टी घालून थांबवला,
तेव्हा आईबाबा रजा टाकून त्याला घेऊन गेले
सायनला, मग परळला, मग कुणा वैद्याकडे पनवेलला.
मी त्याच बाकावर, फ्रॉकची शिवण उसवत,
एक धागा, मग दुसरा,
आणि डॉक्टर म्हणायचे, ही बघा किती गुणी.

प्रगतिपुस्तकात सावेबाईंनी लिहिलं,
हुशार आहे, पण वर्गात नसते.
खरंच लिहिलं होतं बाईंनी.
मी कधी समोरच्या टाकीवरच्या घारीत असायचे,
कधी मागच्याच वाक्यातल्या एका शब्दापाशी राहून गेलेली
आणि धडा दोन पानं पुढे.
कुणाला त्रास नव्हता माझा.
ज्याचा कुणाला त्रास नाही
ते दुखणं कोण केसपेपरवर लिहिणार?

घरी म्हणायचे, दूध बघ.
मी बघायचे. देवाशप्पथ बघायचे.
साय कशी आकसते, कडेला कशी सुरकुतते,
मधोमध एकच बुडबुडा, फुटू की नको,
आणि बघता बघता,
बघत असतानाच,
दूध ओट्यावर.
वेंधळी, म्हणाली काकू.
धांदरट, म्हणाली आई.
लग्नानंतर माझ्यासारखंच त्याचंही नाव बदललं:
बेजबाबदार.

मग युक्त्या शिकले.
पर्समध्ये पर्स, तिच्यात किल्ली, नाडीला बांधलेली.
फोनमध्ये अकरा गजर,
त्यातले तीन कशासाठी ते आठवत नाही.
तळहातावर बॉलपेनने: बिल. गॅस. माफी.
पाहुणे येणार म्हटलं की पसारा पलंगाच्या पेटीत,
वर चादर, वर हसू.
सहकारी बँकेत चोवीस वर्षं,
बाकीच्या घरी गेल्या की मी पुन्हा तीच बेरीज.
साहेब म्हणायचे, किती मन लावून करता.
मन लावायला काय लागतं ते मला विचारा.
जिवंत मांजर पिशवीत भरून
माटुंग्याहून माहीमपर्यंत चालत न्यायचं, रोज,
आणि वाटेत कुणी भेटलंच तर म्हणायचं,
काही नाही हो, भाजी आहे.

अधूनमधून ते ओरबाडायचं.
तेव्हा थायरॉइड निघाला, मग हिमोग्लोबिन,
मग मूड, मग वय.
एकाने सांगितलं, ताई, एखादा छंद लावून घ्या.
मला एकोणीस छंद आहेत. सगळे माळ्यावर.

एडीएचडी, म्हणाल्या फुर्टाडो.
मी म्हटलं, ते तर मुलग्यांना असतं.
मुलग्यांचं दिसतं, म्हणाल्या.

खाली उतरले तर छत्री वरच राहिलेली.
फेब्रुवारी होता. छत्री का आणली होती कुणास ठाऊक.
पहिल्यांदाच स्वतःला काही बोलले नाही.

आईला फोन लावला, प्रतीक्षानगरला.
सगळं सांगितलं. गजर, किल्ली, सुहृदच्या शेजारचा तो बाक.
त्यात कसलं आलंय दुखणं, ती म्हणाली,
आपल्याकडच्या सगळ्या बायका अशाच.
मी नाही का अशी? थांब हं, बेल वाजली.

फोन तसाच राहिला.
मला तिचं घर ऐकू येत होतं.
वाण्याचा पोऱ्या, सुटे कुठे ठेवले बाई,
एक कपाट, दुसरं कपाट,
मग बहुतेक जुना आल्बम सापडला, पानं उलटल्याचा आवाज,
अगंबाई, ही तर कुमुद,
मग नळ, मग काहीतरी गुणगुणणं,
आणि ओट्याच्या बाजूने
बारीक, चढत जाणारी सळसळ.

आई, दूध!
मी माहीमच्या फुटपाथवर ओरडत होते,
नारळवाला वळून बघत होता.
आई, दूध बघ.

बावीस मिनिटांनी तिने उचलला.
अगं, तू अजून आहेस?
आहे.
ओटा पुसत होते, म्हणाली. आणि मग, जरा थांबून,
काय नाव म्हणालीस त्याचं?